शर्ली कॉलिन्स यांचे उतारवयातले गाणे : ते कसे ऐकावे आणि कोठून सुरुवात करावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. शर्ली कॉलिन्स या इंग्लिश लोकगायिकेच्या १९६० आणि १९७० च्या दशकांतल्या ध्वनिमुद्रिका आपण तरुणपणी मनापासून ऐकल्या. पुढे त्यांचे नाव कानावर येईनासे झाले. आता वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी त्यांनी काढलेला ‘लोडस्टार’ हा अल्बम आपल्या हाती आला, तेव्हा आवाज खाली उतरलेला, कोरडा, जवळजवळ बोलल्यासारखा वाटला. या उत्तरकालीन गाण्यात खरोखर काही आहे, की एका ज्येष्ठ कलावतीविषयीच्या आदरापोटीच त्याचे कौतुक होते, असे आपण विचारले आहे. आणि काही असेलच, तर ते कोणत्या क्रमाने ऐकावे, हेही.

मी लोकगीते जमवण्याचे, ती ध्वनिमुद्रित करण्याचे आणि नव्या गायकांना शिकवण्याचे काम बरीच वर्षे करीत आले आहे. वयस्क गळ्यांतून गाणे ऐकणे हा त्या कामाचा रोजचा भाग असल्यामुळे मला आपल्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्धपणे देता येते. या गाण्यात पुष्कळ काही आहे. ते त्यांच्या पहिल्या आवाजाचे उरलेसुरले रूप नव्हे. त्यांच्या संग्रहातली काही गाणी तर या दुसऱ्या आवाजातच प्रथम पूर्णत्वाला गेली, असे माझे मत आहे. ते मत कशावर उभे आहे, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

पहिला आवाज आपल्याला का आवडत होता, हे आधी नीट ओळखले पाहिजे. तो उंच पट्टीतला, हलका, जवळजवळ कंपरहित आवाज होता. त्यात ससेक्स परगण्यातल्या सामान्य घरातल्या बोलीचे वळण होते. शब्दावर मुद्दाम दिलेला जोर नाही, ओळीच्या शेवटी ओढून धरलेला सूर नाही, खुनाच्या कथेतही आवाज चढत नाही. १९६४ साली ‘फोक रूट्स, न्यू रूट्स’मध्ये डेव्ही ग्रॅहम यांची गिटार जॅझ, अरबी आणि भारतीय वळणे घेत त्यांच्याभोवती फिरते. १९६९ च्या ‘अँथम्स इन ईडन’मध्ये डेव्हिड मन्रो आणि त्यांचे सहकारी युरोपातली जुनी दरबारी वाद्ये वाजवतात आणि थोरली बहीण डॉली कॉलिन्स यांची स्वररचना सगळ्याला एकत्र बांधते. १९७१ च्या ‘नो रोझेस’मध्ये विजेवरच्या गिटारी आणि ड्रम आहेत. साथ इतकी बदलत गेली, पण गाण्याची पद्धत मात्र तसूभरही बदलली नाही. ज्या गायिकेची सारी भिस्त गळ्याच्या सौंदर्यावर असते, तिला इतक्या वेगवेगळ्या साथींत असे अढळ राहता येत नाही. तिचा गळा प्रत्येक साथीशी स्पर्धा करू लागतो. कॉलिन्स यांची भिस्त पहिल्यापासून गोष्टीवर होती. गाताना आपल्यामागे आधीच्या पिढ्या उभ्या असल्यासारखे वाटते, असे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. गाणे आपल्या हातून पुढे जायचे आहे, आपण त्यात मध्ये उभे राहायचे नाही, ही त्यांची धारणा होती आणि ती वयानुसार आलेली नव्हती; ती विशीतच पक्की झालेली होती.

ती कोठून आली, हे पाहिले की उत्तरकालीन गाण्याचे मूळही सापडते. जुलै १९३५ मध्ये ससेक्समधल्या हेस्टिंग्ज येथे जन्मलेल्या या मुलीच्या कानावर आजोबा आणि ग्रेस मावशी यांची गाणी युद्धकाळात पडली. १९५८ साली लंडनमध्ये अ‍ॅलन लोमॅक्स आणि पीटर केनेडी या लोकगीत-संकलकांनी त्यांची पहिली मोठी ध्वनिमुद्रणे केली आणि १९५९ मध्ये त्या लोमॅक्स यांच्याबरोबर अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या प्रसिद्ध संकलन-दौऱ्यावर गेल्या. मिसिसिपीतल्या कोमो या गावाजवळ फ्रेड मॅकडॉवेल हा शेती करणारा ब्लूज गायक त्यांना याच दौऱ्यात भेटला. अलाबामातल्या फाइफ येथे ‘सेक्रेड हार्प’ पद्धतीने समूहाने भजने गाणाऱ्यांचे अधिवेशन त्यांनी मुद्रित केले. आर्कन्सॉमध्ये आल्मेडा रिडल आणि ऑली गिल्बर्ट या दोघींनी आपापल्या घरी जपलेली जुनी कथागीते गाऊन दाखवली. त्या वेळी कॉलिन्स चोवीस वर्षांच्या होत्या आणि या दोघी साठी ओलांडलेल्या होत्या. मायदेशीही ज्या परंपरेला त्या आपले मूळ मानीत, ती अशीच होती; ससेक्सचे जॉर्ज ‘पॉप’ मेनार्ड यांचे मुद्रण झाले तेव्हा ते ऐंशीच्या पुढे होते. म्हणजे ही गाणी त्यांच्यापर्यंत पोहोचली ती थकलेल्या, खरखरीत, श्वास पुरवून पुरवून वापरणाऱ्या गळ्यांतून. आपण ज्याला या गाण्यांचा ‘मूळ’ आवाज मानतो तो तरुण, उंच, निर्मळ आवाज वस्तुतः या गाण्यांच्या आयुष्यातला मधला टप्पा होता.

नंतर आवाज गेला. डॉली यांच्याबरोबरचा ‘फॉर अ‍ॅज मेनी अ‍ॅज विल’ हा अल्बम १९७८ चा. त्याच सुमारास वैवाहिक आयुष्य मोडले आणि रंगमंचावर उभे राहिल्यावर कधी आवाज फुटायचा, कधी अजिबात फुटायचा नाही, अशी अवस्था झाली. वैद्यकात याला डिस्फोनिया म्हणतात. स्वरयंत्रात गाठ किंवा जखम नसतानाही त्याभोवतीचे स्नायू आवळून धरले जातात आणि स्वरपट्ट्या एकमेकींना हव्या तशा भिडत नाहीत. तीव्र मानसिक आघातानंतर हे होऊ शकते आणि पुन्हा आवाज जाईल या भीतीनेच ते पक्के होत जाते. गाणाऱ्या माणसावर हे ओढवते तेव्हा गाण्याची जागा आणि भीतीची जागा एकच होऊन बसते, म्हणून नुसत्या विश्रांतीने ते सुटत नाही. कॉलिन्स गाण्यातून बाहेर पडल्या, मुले वाढवली, पोटासाठी साध्या नोकऱ्या केल्या. १९९५ मध्ये डॉली गेल्या. पुढे शर्ली कॉलिन्स यांनी १९५९ च्या दौऱ्याची आठवण लिहिली, व्याख्याने दिली, इतरांची जुनी मुद्रणे लोकांपुढे मांडली. गाण्याशी नाते तुटले नव्हते. फक्त स्वतःचा गळा त्यात नव्हता.

‘करंट ९३’ या प्रयोगशील संगीतसमूहाचे डेव्हिड टिबेट यांनी वर्षानुवर्षे चिकाटीने आग्रह धरला आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये लंडनच्या युनियन चॅपलमध्ये कॉलिन्स पुन्हा श्रोत्यांसमोर उभ्या राहिल्या. तेथे गायलेल्या दोन गाण्यांपैकी एक होते ‘डेथ अँड द लेडी’. त्यानंतर ‘लोडस्टार’ची तयारी सुरू झाली. स्टुडिओत अनोळखी माणसांसमोर गाणे अशक्य वाटत होते, म्हणून लुईस या गावातल्या त्यांच्या लहानशा घरीच मुद्रण झाले. संगीत-संयोजन इयन किअरी यांचे होते. ऑसियन ब्राउन आणि स्टीफन थ्रोअर यांनी मुद्रणाची बाजू सांभाळली. नोव्हेंबर २०१६ मध्ये डॉमिनो या कंपनीने अल्बम काढला. आधीच्या अल्बमला तेव्हा अडतीस वर्षे झाली होती.

घरी मुद्रण करण्याचा निर्णय भीतीपोटी झाला असला, तरी त्याचा सांगीतिक परिणाम फार मोठा आहे आणि ज्यांनी खेड्यांत मुद्रणे केली आहेत त्यांना तो लगेच कळेल. स्टुडिओच्या काचेमागे उभा राहणारा गायक, त्याला ऐकणारे कोणी दिसत नसल्यामुळे, आवाज बाहेर फेकतो. घरातल्या खुर्चीवर बसून गाणारे माणूस समोरच्या माणसाला सांगते. ‘क्रूएल लिंकन’ हे गाणे या दृष्टीने ऐकावे. मजुरी बुडवलेला गवंडी सरदाराच्या घरात शिरून त्याच्या तान्ह्या मुलाला आणि बायकोला ठार करतो, अशी ती जुनी कथा आहे. मुद्रणात बाहेरच्या पक्ष्यांचा किलबिलाट स्पष्ट ऐकू येतो. त्यांनी तो काढून टाकला नाही. बाईंचा आवाज हकिगत सांगतो, पक्षी आपले काम करीत राहतात आणि ऐकणाऱ्याला कोणीही घाबरवीत नाही. म्हणूनच ते गाणे अंगावर येते.

आता आवाजाविषयी. वय वाढले की स्वरपट्ट्यांचे स्नायू बारीक होतात, त्यांची लवचीकता घटते, त्या पूर्ण मिटत नाहीत आणि थोडी हवा सुरातून निसटत राहते. फुप्फुसांची शक्तीही कमी होते. स्त्रियांच्या बाबतीत पाळी थांबल्यानंतर स्वरपट्ट्या किंचित जाड होतात आणि आवाजाची पट्टी खाली येते. त्यामुळे उंच जागा हाताबाहेर जातात, लांब ओळ एका श्वासात मावत नाही आणि सूर लावताच तो स्थिर होईल याची खात्री राहत नाही. अशा वेळी अनेक गायक जुनीच पट्टी धरून ठेवतात आणि ताण देतात. मग ऐकणाऱ्याचे लक्ष गाण्याऐवजी त्या धडपडीकडे जाते. कॉलिन्स यांनी तसे केले नाही. पट्टी बरीच खाली आणली, ओळी जेथे अर्थ तुटतो तेथेच तोडल्या आणि सूर पकडण्यापेक्षा शब्द उच्चारण्याला पहिले स्थान दिले. आपल्याला जो कोरडेपणा जाणवला, त्याचा बराचसा भाग हाच आहे. व्यंजने पूर्वीपेक्षा अधिक स्पष्ट आहेत, स्वर आखूड आहेत. तरुणपणी ज्या ओळीत आपण सुराच्या मागे वाहत जात होतो, त्याच ओळीत आता काय घडले हे ऐकू येते.

‘डेथ अँड द लेडी’ची दोन मुद्रणे शेजारीशेजारी ठेवली की हे नीट कळते. पहिले १९७० च्या ‘लव्ह, डेथ अँड द लेडी’तले, तेव्हा त्या पस्तीस वर्षांच्या होत्या, दुसरे ‘लोडस्टार’मधले. मे महिन्यातल्या एका सकाळी एका स्त्रीला वाटेत मृत्यू भेटतो. ती त्याला सोने देऊ करते, मुदत मागते, तो नाकारतो. तरुण आवाजातले गाणे सुंदर आणि भयप्रद आहे, पण ऐकणारा त्या स्त्रीच्या बाजूने नसतो. तो चित्र पाहत असतो. नंतरच्या मुद्रणात स्लाइड गिटारची घसट ब्लूजच्या अंगाने जाते आणि मला तरी ती १९५९ च्या कोमो गावाची आठवण करून देते. आवाज खाली आहे. मृत्यूचे बोलणे आणि स्त्रीचे बोलणे यांत बाईंनी काहीही वेगळे केलेले नाही, दोघांची पट्टी एक, दोघांची लय एक. नाट्य करण्याची संधी समोर असताना ती न घेणे, हा निर्णय एक्याऐंशीव्या वर्षी घेतला की त्याचे वजन वेगळे होते, कारण ही बोलणी आता दूरची राहिलेली नाहीत आणि तरीही गाणारी बाई त्यांच्यावर आपली मोहोर उठवीत नाही.

दुसरी जोडी मला याहूनही मोलाची वाटते. ‘द व्हिटसन डान्स’ हे गाणे जुन्या चालीवर ऑस्टिन जॉन मार्शल यांनी शब्द बांधून केलेले आहे. पहिल्या महायुद्धात गावातले पुरुष गेले, ते परतले नाहीत, आणि वसंतातल्या सणाला जो नाच पुरुष करीत तो मागे राहिलेल्या बायकांनी चालू ठेवला, अशी त्यामागची कल्पना आहे. गाण्यातल्या बाईच्या लग्नाला पन्नास वसंत लोटले आहेत आणि ती अजून पांढरी वस्त्रे नेसून, हिरव्या फिती लावून नाचायला येते. १९६९ मध्ये ‘अँथम्स इन ईडन’च्या दीर्घ गीतकथेच्या शेवटाकडे कॉलिन्स यांनी हे प्रथम गायले, तेव्हा त्या सुमारे चौतीस वर्षांच्या होत्या आणि गाण्यातली बाई सत्तरीच्या आसपासची. ती नातीने आजीकडे पाहून गायलेली गोष्ट होती. प्रेमाने पाहिलेली, पण बाहेरून. २०२० च्या ‘हार्ट्स ईज’मध्ये हेच गाणे पुन्हा आले तेव्हा गायिका त्या बाईपेक्षा वयाने मोठी झाली होती. शब्द तेच, चालही तीच. फरक असा की ‘ती’ असा उल्लेख असलेल्या ओळी आता एका समवयस्क मैत्रिणीविषयी बोलल्यासारख्या ऐकू येतात आणि सहानुभूतीचा जो हलकासा ओलावा पूर्वी होता तो निघून गेला आहे. त्याची गरज उरलेली नाही. मी शिकवताना ही दोन मुद्रणे एकामागून एक लावते आणि विद्यार्थ्यांना एवढेच विचारते की या बाईला कोणत्या मुद्रणात अधिक ओळखता आले. उत्तर नेहमी सारखे येत नाही, आणि तसे यावे अशी माझी अपेक्षाही नाही, पण प्रश्न गळ्याच्या गोडव्यावरून हटतो.

येथे आपल्याकडच्या एका अनुभवाचा उल्लेख करणे अप्रस्तुत होणार नाही, कारण मला हे ऐकणे त्यातूनच जमले. जात्यावरच्या ओव्या सांगणाऱ्या बायकांकडे बसले की काही दिवसांतच कानाची एक सवय मोडते. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या गेल्या. त्यांतली बरीच मुद्रणे आज ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण जीवनाच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर ऐकता येतात. त्यांतल्या पुष्कळ जणी वयस्क आहेत. दळण आता गिरणीवर जाते, तेव्हा ओवी जात्याच्या घरघरीशिवाय सांगावी लागते, आणि तरीही बाई ओवीच्या शेवटच्या चरणावर श्वास टाकते तो जात्याचा खुंटा फिरवून दमलेल्या हाताच्या हिशोबानेच. तरुण मुलगी माहेराची ओवी गाते तेव्हा तिच्यात ओढ असते. तीच ओवी सत्तर वर्षांची बाई सांगते तेव्हा ज्या माहेराविषयी ती बोलते, ते घरच उरलेले नसते, माणसे तर केव्हाच गेलेली असतात. ती हे सूचित करण्यासाठी काही करीत नाही; ते तिच्या सांगण्यात असतेच. अशा गाण्याला ‘आवाज कसा आहे’ हा प्रश्न विचारला की काहीच हाती लागत नाही. ‘ही कोणाला सांगते आहे आणि किती दिवसांपासून हे जवळ बाळगून आहे’ हा प्रश्न विचारला की गाणे उलगडू लागते. कॉलिन्स यांचे उत्तरकालीन गाणे मी याच प्रश्नाने ऐकते.

रागसंगीतात आपण हे मोठ्या मनाने करतो. शस्त्रक्रियेनंतर भारदस्त झालेला गंगूबाई हंगल यांचा आवाज आपल्या रसिकांनी उणेपणा मानला नाही, तोच त्यांचा आवाज मानला. लोकसंगीताबाबत मात्र आपण अजूनही ‘गोड गळा’ शोधत बसतो, हे मला खटकते.

‘लोडस्टार’ची सुरुवात मात्र नव्या श्रोत्याला जड जाते, आणि आपल्याला जे वाटले त्यात तिचाही वाटा असावा. पहिलाच भाग ‘अवेक अवेक’पासून पुढे तीन रचनांमध्ये गुंफत जाणारा, लांबलचक आणि संथ आहे. ‘अवेक अवेक’ हे पश्चात्तापाचे गीत १५८० साली लंडनला हादरवणाऱ्या भूकंपानंतर थॉमस डेलोनी यांनी लिहिले. पुढे सव्वातीनशे वर्षांनी ते राल्फ वॉन विल्यम्स या इंग्लिश संगीतकाराला हेरफर्डशर परगण्यात लोकांच्या तोंडी जिवंत सापडले. भूकंप हा देवाचा इशारा आहे, जागे व्हा, असे ते सांगते. हे गाणे अल्बमच्या दाराशी ठेवण्यामागचा हेतू मला पटतो. अडतीस वर्षांनी परतणाऱ्या गायिकेने स्वतःविषयी काही न गाता शहराच्या पडझडीविषयी गावे, यातच तिचा स्वभाव दिसतो. त्यात हर्डी-गर्डी या चाक फिरवून वाजवायच्या तंतुवाद्याचा अखंड आधारस्वर आहे. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानांना तो लवकर आपलासा होतो आणि जेथे बाईंचा सूर डळमळतो तेथे त्याला टेकायला जागा देतो. तरीही प्रथम ऐकण्यासाठी ही निवड योग्य नाही. ‘वॉश्ड अशोर’पासून सुरुवात करावी. बुडून किनाऱ्याला लागलेल्या प्रियकराला ओळखणाऱ्या मुलीचे ते गाणे आहे, त्याची चाल मनात लगेच बसते आणि या आवाजात किती कोमलता उरली आहे, नव्हे, नव्याने आली आहे, हे तेथे कळते. त्यानंतर ऑली गिल्बर्ट यांच्याकडून आलेले ‘प्रिटी पॉली’, मग ‘क्रूएल लिंकन’, मग ‘डेथ अँड द लेडी’, आणि शेवटी ‘अवेक अवेक’.

‘हार्ट्स ईज’ अधिक मोकळा आहे. तो ब्रायटनमधल्या मेटवे स्टुडिओत मुद्रित झाला, म्हणजे तोवर घराबाहेर गाण्याचे धैर्य परत आले होते, आणि ते पहिल्या गाण्यापासून ऐकू येते; श्वास लांबला आहे, सुरांची खात्री वाढली आहे. पंच्याऐंशीच्या उंबरठ्यावर आवाज आधीच्या अल्बमपेक्षा सुधारावा, हे शरीरशास्त्राला धरून विलक्षण वाटेल. पण डिस्फोनियाचा मोठा भाग भीतीचा असतो हे लक्षात घेतले की त्याचा उलगडा होतो. यातले ‘लॉक्ड इन आइस’ हे डॉली यांचा मुलगा बझ कॉलिन्स याने लिहिलेले गाणे आहे. ध्रुवप्रदेशाच्या बर्फात अडकल्यावर खलाशांनी सोडून दिलेले आणि नंतर वर्षानुवर्षे माणसांवाचून भटकत राहिलेले जहाज त्यात स्वतःची कथा सांगते. परंपरेतल्या गाण्यांच्या रांगेत हे नवे गाणे ठेवले आहे आणि ते कोठेही उपरे वाटत नाही. ‘वंड्रस लव्ह’मध्ये फाइफच्या त्या अधिवेशनातला समूह नाही, एकच वृद्ध कंठ आहे, मला येथे समूहाची उणीव भासते हे सांगितले पाहिजे, ती रचना मुळातच अनेक गळ्यांच्या धडकेसाठी झालेली आहे. शेवटचे ‘क्रोलिंक’ म्हणजे समुद्र, पक्षी आणि वाद्यांचा दीर्घ घोष यांनी भरलेली रचना आहे. क्रोलिंक हे ससेक्सच्या चुनखडीच्या कड्यांवरचे ठिकाण. ज्यांना केवळ गाणी हवी आहेत ते येथे थांबले तरी चालेल, पण मला ती रचना आवडते, कारण तिच्यात गायिकेने आपल्या भूमीला गाण्याइतकेच स्थान दिले आहे.

मे २०२३ मधला ‘आर्केंजल हिल’ या तिघांत सर्वांत विसकळीत आहे. लुईसजवळच्या माउंट कॅबर्न या टेकडीला त्यांच्या घरात जे नाव होते, तेच या अल्बमला दिलेले आहे. काही गाण्यांत आवाज स्पष्टपणे थकलेला आहे, आणि केवळ वयाकडे पाहून ती थोर म्हणण्याचे कारण नाही. पण ‘हाय अँड अवे’ चुकवू नये. आल्मेडा रिडल यांच्या संसारावर कोसळलेल्या चक्रीवादळाची आठवण त्यामागे आहे. चोविसाव्या वर्षी जिच्या घरी जाऊन गाणी मुद्रित केली, तिचीच कथा साठाहून अधिक वर्षांनी स्वतः गाण्यात मांडणे, हे संकलकाच्या कामाचे फार सुंदर फलित आहे. ज्या बाईने आम्हाला गाणी दिली तिचे आयुष्य कसे गेले, हे आम्ही संकलक बहुधा वहीच्या समासात टिपून ठेवतो आणि तेथेच सोडतो.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. आवाज जाण्याची आणि परत येण्याची हकिगत इतकी प्रभावी आहे की तीच ऐकली जाण्याचा धोका असतो. अल्बमविषयी जे लिहिले गेले त्यातले बरेचसे त्या हकिगतीविषयीच आहे. आपण हे गाणे ऐकताना ती बाजूला ठेवावी. कॉलिन्स यांच्या पद्धतीत गायकाचे दुःख गाण्यात आणायला जागाच नाही, आणि आपण ते बाहेरून नेऊन ठेवले तर ज्या संयमाने त्यांनी ही गाणी सांगितली तो आपल्याला ऐकू येणार नाही. त्याऐवजी गाण्याची कथा आधी वाचून घ्यावी. इंग्रजी कथागीतांची भाषा जुनी असते, एखादा शब्द निसटला की पुढचा प्रसंग कळत नाही, आणि या उत्तरकालीन मुद्रणांत कथा निसटली तर धरून ठेवायला गोड सूर नाही. कथा ठाऊक असली की बाई कोठे थांबतात, कोठे मुद्दाम थांबत नाहीत, हे लक्षात येऊ लागते. ऐकताना आवाज कमी ठेवावा, एका माणसाने खोलीत बोलावे इतकाच; मोठ्या आवाजात या मुद्रणांतली निसटती हवा खरखर बनून पुढे येते आणि कान तिच्यातच अडकतात.

आपण जुनी मुद्रणे मनापासून ऐकलेली आहेत, म्हणून आपल्यासाठी एक खास मार्ग सुचवते. ‘हेअर्स ऑन द माउंटन’ हे गाणे त्यांनी १९५८ च्या मुद्रणांत गायले, ते ‘स्वीट इंग्लंड’मध्ये आहे, १९६४ मध्ये डेव्ही ग्रॅहम यांच्याबरोबर ‘फोक रूट्स, न्यू रूट्स’साठी गायले, आणि ‘आर्केंजल हिल’मध्ये पुन्हा गायले. ही तीन मुद्रणे एका बैठकीत, कालक्रमाने ऐकावीत आणि लगेच उलट क्रमाने पुन्हा ऐकावीत. ‘आर्केंजल हिल’मध्येच ‘हँड अँड हार्ट’ हे १९८० साली सिडनीच्या ऑपेरा हाउसमध्ये प्रत्यक्ष कार्यक्रमात झालेले मुद्रणही समाविष्ट आहे, म्हणजे आवाज हातातून निसटत होता त्या काळातले. ते या तिन्हींनंतर लावावे. त्यानंतर ‘लोडस्टार’ वर सांगितलेल्या क्रमाने घ्यावा आणि ‘हार्ट्स ईज’ सलग ऐकावा. हे सगळे एका आठवड्यात संपवण्याची घाई करू नये. रोज दोन गाणी पुरेशी आहेत, आणि एखादे गाणे पहिल्या दिवशी मिटलेले राहिले तर दुसऱ्या दिवशी त्याचेच जुने मुद्रण आधी ऐकून मग त्याच्याकडे परत यावे.